दोन तुकडे जोडताना येणारा 'टक्' आवाज: तो का येतो आणि कसा घालवायचा

तबल्याचा ठेका कापून लूप बनवला, तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लांबवलं किंवा कथावाचनातलं अडखळलेलं वाक्य काढून टाकलं, की नेमक्या सांध्यावर 'टक्' ऐकू येतं. आवाज अगदी बारीक असतो, पण एकदा ऐकू आला की कान त्याचीच वाट पाहत बसतो. रियाजाच्या लूपमध्ये तो दर आवर्तनाला येतो आणि गाणाऱ्याची तंद्री मोडतो. एकांकिकेच्या पार्श्वसंगीतात तो नाट्यगृहाच्या मोठ्या स्पीकरवर चार पट जाणवतो.

नवीन माणूस अशा वेळी 'क्लिक रिमूव्हल' नावाचं बटण शोधायला लागतो. माझं ठाम मत असं, की स्वतः केलेल्या जोडकामातला टक् त्या बटणाने काढायचा नसतो. तो सांध्यात तयार होतो, म्हणून सांध्यातच बुजवायचा. सांधा कुठे घ्यायचा आणि तिथे किती मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणं किंवा उतरवणं) द्यायचा, एवढं जमलं की बहुतेक टक् जन्मालाच येत नाहीत. मी रियाजाचे लूप, नाटकांचं पार्श्वसंगीत आणि कथावाचनाचं संपादन करतो. त्या कामात पक्की बसलेली पद्धत इथे क्रमाने देतो आहे.

सुरुवातीला काय काय लागेल

- तारेचे हेडफोन. कान झाकणारे असले तर उत्तम. ब्लूटूथवर काम करू नका. त्याचे स्वतःचे खंड आणि चरचर मध्ये येतात आणि दोष फायलीत आहे की हेडफोनमध्ये, ते कळत नाही.
- संपादनाचं सॉफ्टवेअर. ऑडॅसिटी मोफत आहे आणि या कामाला पुरेसं आहे. सतत हेच काम करायचं असेल तर रीपर घ्या, ते ६० दिवस वापरून पाहता येतं. पुढच्या पायऱ्यांत मी ऑडॅसिटीतली नावं दिली आहेत. आवृत्तीनुसार मेन्यूची जागा थोडी बदलते, तत्त्व बदलत नाही.
- मूळ रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक स्वरूपात. एमपी३ वरून लूप बनवू नका. कारण पुढे येईलच.
- मूळ फायलींची वेगळ्या फोल्डरमध्ये एक प्रत. तिला हात लावायचा नाही.
- जोडायच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना थोडा जास्तीचा आवाज. ही सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट आहे. तुकडा अगदी काठोकाठ कापून ठेवलात तर क्रॉसफेड करायला, म्हणजे दोन तुकड्यांच्या कडा एकमेकांत मिसळायला, काहीच उरत नाही.

१. टक् कशाने होतो ते आधी समजून घ्या

संगणकात आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० आकडे, व्हिडिओच्या कामाला बहुधा ४८,०००. या प्रत्येक आकड्याला सॅम्पल म्हणतात. (वाद्याच्या छोट्या रेकॉर्डिंगलाही लोक सॅम्पल म्हणतात, म्हणून इथे त्याला मी तुकडा म्हणेन.) हे आकडे शून्याच्या वर-खाली हेलकावत असतात आणि स्पीकरचा पडदा त्यांच्यामागे हलत असतो.

आता समजा पहिला तुकडा तुम्ही कापलात तेव्हा लहर +०.४ वर होती आणि दुसरा तुकडा −०.३ वरून सुरू झाला. पडद्याला सेकंदाच्या ४४,१०० व्या भागात तेवढी उडी मारायला सांगितलं गेलं. अशा उडीत खालपासून वरपर्यंत सगळ्या कंप्रता एकदम असतात. म्हणूनच तानपुऱ्यासारख्या भरीव, संथ आवाजातही ती टोचते: तिथे एरवी नसलेल्या वरच्या कंप्रता क्षणभर उगवतात आणि मावळतात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, उडी जितकी मोठी तितका टक् मोठा. दोन, सांध्यावर आधीच एखादा ठणठणीत आघात असेल, म्हणजे तबल्याचा 'ना' किंवा ढोलकीची थाप, तर त्याच्याखाली बारीकसा टक् लपून जातो. आघाताच्या अगदी आधीचे काही मिलिसेकंद आणि नंतरचा त्याहून बराच जास्त काळ कानाला बारीक तपशील दिसत नाहीत. या दुसऱ्या गोष्टीचा आपण पुढे भरपूर फायदा घेणार आहोत.

२. आलेला टक् खरंच सांध्यातला आहे का, ते तपासा

या पायरीत घाई केली की तासन् तास चुकीच्या जागी जातात. खटके अनेक ठिकाणांहून येतात.

संशयित जागा तीन-चारदा वाजवा. टक् दर वेळी नेमका त्याच जागी आला तर तो फायलीत आहे. कधी इथे, कधी तिथे, कधी नाहीच, असं असेल तर दोष फायलीचा नाही. संगणकाला वेळेत आवाज पुरवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ऑडिओ सेटिंगमध्ये बफर, म्हणजे वाजवण्याआधी साठवून ठेवलेला आवाज, वाढवा. १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे जेमतेम २.९ मिलिसेकंदांची उसंत, ५१२ केलात तर ११.६ मिलिसेकंद मिळतात. संपादन करताना बफर मोठा असला तरी काही बिघडत नाही. पण रेकॉर्डिंग चालू असताना असा खंड पडला असेल तर तो फायलीत कायमचा बसतो. म्हणून रेकॉर्डिंग संपल्यावर लगेच एकदा पूर्ण ऐका, कलाकार अजून खोलीत असतानाच.

फायलीतलाच टक् असेल तर ट्रॅकचं दृश्य बदलून स्पेक्ट्रोग्राम लावा, म्हणजे खालच्या कंप्रता तळाला आणि वरच्या माथ्याला दाखवणारं चित्र. सांध्यातला टक् तिथे खालून वरपर्यंत गेलेल्या सरळ उभ्या रेघेसारखा दिसतो आणि ती रेघ बरोबर तुमच्या कापावर असते. बोलणाऱ्याच्या तोंडातला ओलसर चटका वरच्या भागात छोट्या ठिपक्यासारखा दिसतो आणि तो शब्दाच्या आसपास कुठेही असतो. 'प', 'भ' म्हणताना माइकवर बसलेला वाऱ्याचा धक्का अगदी तळाशी डागासारखा दिसतो. त्या धक्क्याला साधारण ८० हर्ट्‌झच्या खालचा भाग कापणारा हाय-पास फिल्टर लावा, आणि पुढच्या वेळी माइक तोंडासमोरून थोडा बाजूला सरकवा. त्याला फेडने काही होणार नाही.

३. शून्यरेषा सरळ करा

काही स्वस्त साउंड कार्ड आणि जुनी यंत्रं सगळी लहर किंचित वर किंवा खाली सरकवून रेकॉर्ड करतात. शांततासुद्धा शून्यावर नसते, +०.०२ वगैरे असते. अशी फाइल कुठेही कापून कोऱ्या शांततेला जोडली की टक् ठरलेला. ऑडॅसिटीत 'नॉर्मलाइझ' इफेक्टमध्ये डीसी ऑफसेट (हाच सरकलेपणा) काढण्याचा चौकोन आहे. तेवढाच निवडून संपूर्ण फाइलवर तो एकदा फिरवा. हे कापाकापीच्या आधी करायचं, नंतर नाही.

४. काप कुठे घ्यायचा: शून्यरेषा आणि तिच्या मर्यादा

सगळीकडे पहिला सल्ला मिळतो तो असा, की लहर शून्यरेषा ओलांडते तिथे कापा. सल्ला बरोबर आहे. ऑडॅसिटीत भाग निवडून कळफलकावरची 'झेड' दाबली की निवडीच्या कडा जवळच्या शून्य ओलांडणीवर सरकतात. ही सवय हाताला लावून घ्या.

पण एवढ्यावर विसंबून राहू नका. तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण दिशेची. पहिला तुकडा वर जाताना शून्यावर कापला आणि दुसरा खाली जाताना शून्यावरून सुरू झाला, तर उडी नाही पण टोकदार कोपरा तयार होतो. डग्ग्याच्या घुमाऱ्यासारख्या खालच्या, गोल आवाजात तो कोपरा ऐकू येतो. दोन्ही बाजूंना लहर एकाच दिशेने शून्य ओलांडते आहे ना, हे झूम करून पाहा.

दुसरी अडचण स्टिरिओची. तबल्याला दोन माइक लावले असतील, एक दायाला आणि एक बायाला (डग्ग्याला), तर डावी आणि उजवी लहर एकाच क्षणी शून्यावर येणं दुर्मीळ. एका बाजूला छान सांधा, दुसऱ्या बाजूला टक्.

तिसरी अडचण तालाची. शून्य शोधायला काप सरकवला की तो मात्रेवरून हलतो. एकदा दोन-चार मिलिसेकंद हलला तर कळत नाही, पण सोळा तुकडे जोडताना प्रत्येक वेळी एकाच बाजूला हलला तर लय ढळते.

म्हणून शून्यरेषा हा काप घेण्याचा नियम समजा, टक् घालवण्याचं काम मात्र फेडवर सोपवा.

५. प्रत्येक कडेला फेड, प्रत्येक सांध्याला क्रॉसफेड

एकट्या तुकड्याच्या सुरुवातीला फेड इन, शेवटी फेड आउट. दोन तुकडे एकमेकांना भिडत असतील तर क्रॉसफेड, म्हणजे पहिला उतरत असतानाच दुसरा चढत येतो आणि मधला काही भाग दोघांचा असतो.

ही युक्ती संगणकापेक्षा जुनी आहे. चुंबकीय टेप ब्लेडने कापून चिकटवत असत तेव्हा काप सरळ उभा न घेता तिरका घेत. पाव इंच रुंदीची टेप ४५ अंशांत कापली आणि ती सेकंदाला १५ इंच वेगाने धावत असली, तर सांधा ओलांडायला सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे जवळपास १७ मिलिसेकंद लागतात. तेवढा क्रॉसफेड कापाच्या तिरकेपणातूनच मिळायचा. ब्लेड चुंबकीय झालं असेल तर त्याचाही टक् टेपवर उमटे, म्हणून ते आधी चुंबकत्वमुक्त करून घेत.

फेड किती लांबीचा हवा ते आवाजावर ठरतं. मी या मापांपासून सुरुवात करतो:

- तबला, ढोलकी, टाळ यांच्या आघाताआधी: २ ते ५ मिलिसेकंद
- बोलणं: ५ ते २० मिलिसेकंद
- हार्मोनियमचा लांब सूर, तानपुरा: ५० ते ३०० मिलिसेकंद
- पाऊस, गर्दी, रातकिडे, समुद्र: १ ते ३ सेकंद

यामागचा हिशेब असा. सांध्यावर घुमणाऱ्या सर्वांत खालच्या सुराची एक लहर पूर्ण व्हायला किती वेळ लागतो ते पाहा. ६० हर्ट्‌झचा घुमारा असेल तर एक लहर जवळपास १७ मिलिसेकंदांची. त्यावर २ मिलिसेकंदांचा फेड दिलात तर टोचणारा 'टक्' जातो आणि त्याच्या जागी बोथट 'धप्प' येतो. पुष्कळ जण इथे फसतात. टक् गेला म्हणून समाधान मानतात आणि मग मोठ्या स्पीकरवर धप्प ऐकू येतो. खालचा आवाज घुमत असेल तर फेड किमान एका लहरीएवढा तरी द्या.

ऑडॅसिटीत क्रॉसफेड करायचा तर दोन तुकडे दोन वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, पहिल्याचं शेपूट आणि दुसऱ्याचं डोकं एकमेकांवर येऊ द्या, तेवढा सामाईक भाग दोन्ही ट्रॅकवर निवडा आणि 'क्रॉसफेड ट्रॅक्स' लावा. तिथे वळणाचा प्रकार विचारतात, आणि तो डोळे झाकून निवडू नये.

'कॉन्स्टंट गेन' म्हणजे सरळ रेषेतला फेड. मध्यावर दोन्ही तुकडे निम्म्यावर असतात. दोन्ही तुकडे एकाच लहरीचे, एकमेकांशी जुळलेले असतील तर हाच घ्या. 'कॉन्स्टंट पॉवर' मध्ये मध्यावर दोन्ही तुकडे थोडे वर, म्हणजे −३ डेसिबलवर असतात. पाऊस, गर्दी, श्वास, 'स'-'श' यांचा आवाज अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या लहरींना तो लागतो. उलटापालट केली तर काय होतं? पावसाला सरळ रेषेचा फेड दिला तर सांध्याच्या मध्यावर आवाज ३ डेसिबलने खचतो, आणि जुळलेल्या लहरींना कॉन्स्टंट पॉवर दिला तर मध्यावर ३ डेसिबलचा फुगवटा येतो. टक् नसतो, तरी 'इथे काहीतरी झालं' हे कानाला कळतं.

६. तबल्याचा लूप: समेवर जोडू नका

लूप समेपासून (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून) समेपर्यंत कापायचा असतो असं गृहीत धरलं जातं. वाजवायला फाइल समेपासून सुरू व्हायला हवी, हे खरं. पण सांधा समेवर घेण्याची गरज नाही, आणि तबल्यात तरी ती सर्वांत अवघड जागा आहे.

तीनतालाचा ठेका घ्या. शेवटच्या चार मात्रा 'ता धिं धिं धा'. शेवटच्या 'धा'चा डग्गा समेच्या 'धा'पर्यंत घुमत पोचतो. समेवर कापलंत की हा घुमारा मधेच तुटतो, आणि लूपच्या सुरुवातीच्या 'धा'ला मागून आलेला घुमारा नसतो. टक् बुजवला तरी प्रत्येक आवर्तनाला सम कोरडी वाटते.

आता 'खाली'चा, म्हणजे नवव्या मात्रेपासूनचा भाग बघा: 'धा तिं तिं ता', आणि त्यानंतर तेराव्या मात्रेचा 'ता'. नवव्या मात्रेच्या 'धा'नंतर थेट चौदाव्या 'धिं'पर्यंत डग्गा खुला वाजत नाही. तेराव्या मात्रेपर्यंत घुमारा विरलेला असतो, समोर दायाचा टणक 'ता' असतो, आणि खालचे सूर नसल्यामुळे तीन-चार मिलिसेकंदांचा क्रॉसफेड पुरतो. जोडायला याहून चांगली जागा त्या आवर्तनात नाही.

करायचं असं:

वादकाला सलग तीन-चार आवर्तनं वाजवायला सांगा, मेट्रोनोम कानात ठेवून. लय बसलेली दोन लागोपाठची आवर्तनं निवडा, त्यांना पहिलं आणि दुसरं म्हणू. पहिल्याच्या तेराव्या मात्रेच्या 'ता'आधी ३ मिलिसेकंदांवर एक खूण करा. दुसऱ्याच्या समेवर, 'धा'च्या किंचित आधी, दुसरी. दुसऱ्याच्या तेराव्या मात्रेच्या 'ता'आधी, पुन्हा ३ मिलिसेकंदांवर, तिसरी. पहिल्या दोन खुणांमधला तुकडा 'क', नंतरच्या दोन खुणांमधला 'ख'. आता क्रम उलटा करा: आधी 'ख', मग 'क'. जोड येतो तेराव्या मात्रेवर, तिथे क्रॉसफेड द्या. फाइल सुरू होते समेवर, आणि संपते तिथून पुन्हा सुरू झाली की 'क'चा शेवट व 'ख'ची सुरुवात मूळ रेकॉर्डिंगमध्ये एकमेकांना लागूनच असल्याने तिथे उडी येत नाही. त्या दोन टोकांना मात्र फेड देऊ नका, नाहीतर उगीच खळगा पडेल.

क्रॉसफेडसाठी 'ख'चं शेपूट आणि 'क'चं डोकं दोन-चार मिलिसेकंदांनी जास्त ठेवायला विसरू नका, आणि क्रॉसफेड 'ता'चा आघात सुरू होण्याआधी संपवा. आघात दोन्ही तुकड्यांतून ऐकू आला तर 'ता' दुहेरी, फाटल्यासारखा वाजतो.

लांबीचा हिशेब एकदा कागदावर करा. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर ४४,१०० च्या दराने एक मात्रा २२,०५० सॅम्पलची, सोळा मात्रांचं आवर्तन ३,५२,८०० सॅम्पलचं, बरोबर ८ सेकंदांचं. लय १३० असेल तर आकडा अपूर्णांकात येतो. जवळच्या पूर्ण सॅम्पलवर ठेवा, कानाला फरक पडत नाही. पण दायाच्या आणि टाळाच्या लूपची लांबी एकच ठेवा. एक सॅम्पल इकडे-तिकडे झालं तरी तासभर चालणाऱ्या रियाजात ते दोघे हळूहळू एकमेकांपासून सरकतात.

७. तानपुरा: सांधा जुळवायला वेळ द्या

तानपुऱ्याला आघाताचा आडोसा नाही, म्हणून तो नवख्याची परीक्षा घेतो. इथेही वरचीच उलटापालट चालते. चार तारांची तीन-चार पूर्ण आवर्तनं असलेला लांब तुकडा घ्या, मधोमध कापा, दोन अर्धांची अदलाबदल करा आणि मध्यावर क्रॉसफेड द्या. दोन्ही अर्धांच्या सांध्यावर तीच तार छेडलेली हवी. पंचमाच्या तारेनंतर षड्जाची जोडी यायची त्या जागी पुन्हा पंचम आला तर लूप लगेच उघडा पडतो.

आता बारकावा. दोन्ही बाजूंना सूर एकच असतो, पण लहरी एकमेकींशी जुळलेल्या असतीलच असं नाही. एक वर जात असताना दुसरी खाली जात असेल तर क्रॉसफेडमध्ये दोघी एकमेकींना मारतात आणि सूर क्षणभर पोकळ होतो. काळी एकचा मंद्र बाजूचा सा घ्या, १३८.६ हर्ट्‌झ. त्याची एक लहर ७.२ मिलिसेकंदांची, म्हणजे सुमारे ३१८ सॅम्पल. झूम करून दोन्ही ट्रॅक एकाखाली एक ठेवा आणि दुसरा तुकडा मागेपुढे सरकवत शिखराखाली शिखर आणा. जास्तीत जास्त अर्धी लहर, म्हणजे साडेतीन मिलिसेकंदांच्या आसपासच सरकवावं लागतं. लयीला त्याने धक्का लागत नाही. जवारीमुळे (तानपुऱ्याच्या तारांच्या झणकारामुळे) वरचे सूर पूर्ण जुळणार नाहीत, ते जुळवायच्या मागे लागू नका. खालचा सा जुळला की पोकळी भरते. मग १०० मिलिसेकंदांपासून वर जात ऐकून ठरवा.

आणखी एक: लूप चार सेकंदांचा करू नका. टक् नसला तरी तोच तो नाद फिरून येताना कळतो. अर्धा-एक मिनिट असेल तर गाणारा त्यात विसरून जातो.

८. बोललेल्या शब्दांची जोड

कथावाचनात किंवा मुलाखतीत टक् टाळायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे भाषेतल्या शांत जागा वापरणं. 'क', 'च', 'ट', 'त', 'प' म्हणण्याआधी तोंड क्षणभर पूर्ण बंद होतं आणि आवाज थांबतो. 'तो परत आला' हे वाक्य वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे लहरीच्या चित्रात, बघा. 'प'च्या आधी आणि 'त'च्या आधी सपाट पट्टी दिसेल. काप त्या पट्टीत घ्या, ५ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, काम झालं. 'ग', 'ज', 'ड', 'द', 'ब' यांच्या आधी गळ्यातला घुमारा बहुधा चालू राहतो, तिथे ही पट्टी मिळत नाही.

'स' आणि 'श' हेही उदार आहेत. त्यांचा आवाज वाऱ्यासारखा असल्याने मधोमध कापून कॉन्स्टंट पॉवरचा क्रॉसफेड दिला तरी सांधा सापडत नाही. 'म', 'न' आणि स्वर यांच्या मध्यात काप टाळा. टाळताच येत नसेल तर तानपुऱ्यासारखी शिखरं जुळवा, आणि दोन्ही बाजूंना स्वराची उंची सारखी आहे ना ते ऐका.

श्वास अर्धा कापू नका. पूर्ण ठेवा किंवा पूर्ण काढा. श्वास काढलेल्या जागी संगणकाची कोरी शांतता टाकली तर मागचा पंख्याचा, खोलीचा आवाज एकदम बंद पडल्यासारखा वाटतो. म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशी कोणी बोलत नसताना त्याच खोलीचा अर्धा मिनिट नुसता आवाज घेऊन ठेवा आणि फटी त्याने भरा.

९. नेहमीचे सापळे

व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज कापला तर काप बहुधा फ्रेमच्या कडेवरच पडतो. सेकंदाला २५ फ्रेम आणि ४८,००० सॅम्पल असतील तर एका फ्रेमला १,९२० सॅम्पल, म्हणजे ४० मिलिसेकंद. इतक्या जाड पट्टीने शून्य ओलांडणी सापडणार नाही. प्रत्येक आवाजाच्या कापाला तिथला छोटा ऑडिओ क्रॉसफेड द्या किंवा आवाज वेगळा संपादित करून आणा.

एमपी३ मध्ये आवाज १,१५२ सॅम्पलच्या ठोकळ्यांत बांधला जातो आणि सुरुवातीला-शेवटी कोरी शांतता जोडली जाते. त्यामुळे लूप फिरताना बारीक खळगा पडतो. तुमचा सांधा कितीही सफाईदार असो, इलाज नाही. लूप डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅकमध्येच द्या. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

सॅम्पलर पॅडवर (बोटाने दाबून तुकडे वाजवायच्या यंत्रावर) तुकडे वाजवताना टक् येत असेल तर दोन जागा बघा. अटॅक (आवाज चढायचा वेळ) शून्यावर असेल तर १-२ मिलिसेकंद करा, रिलीज (उतरायचा वेळ) ५ ते १० करा. तोच पॅड पटापट दाबल्यावर टक् येत असेल तर आधीचा घुमारा तोडून नवा सुरू होतो आहे. एकाच वेळी वाजू शकणाऱ्या आवाजांची संख्या वाढवा.

आवाजाची पातळी रेषा ओढून कमी-जास्त करताना उभी पायरी करू नका. सूर चालू असताना पातळी एका क्षणात बदलणं हीसुद्धा उडीच आहे. पायरीला थोडा उतार द्या.

फेड सगळ्यांत शेवटी लावा. आधी फेड, मग कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी करणारा इफेक्ट), असं केलं तर कॉम्प्रेसर फेडची बारीक टोकं उचलून वर आणतो.

१०. तरीही उरलेला टक्

जुन्या रेकॉर्डिंगमध्ये टक् आधीच असेल, मूळ तुकडे उपलब्ध नसतील, तेव्हाच दुरुस्तीच्या साधनांकडे वळा. ऑडॅसिटीतलं 'रिपेअर' जास्तीत जास्त १२८ सॅम्पलवर चालतं आणि आजूबाजूची लहर पाहून मधला भाग नव्याने रेखतं. नेमका टक् एवढाच निवडा, तो बहुधा वीस-तीस सॅम्पलचाही नसतो. खूप झूम केल्यावर ड्रॉ टूलने सॅम्पल हाताने खाली-वर ओढताही येतात. एखाद्या मोक्याच्या टक्‌साठी मी हेच करतो, कारण त्यात बाकी कशालाच धक्का लागत नाही.

'क्लिक रिमूव्हल' किंवा आयझोटोप आरएक्स या आवाज-दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमधलं 'डी-क्लिक' जुन्या तबकड्यांवरच्या शेकडो खटक्यांना उपयोगी आहे. ते पूर्ण फाइलवर फिरवलं तर तबल्याच्या चाटीची धार आणि टाळाची किणकिण यांनाही ते टक् समजू शकतं. फक्त दोषाची जागा निवडून लावा आणि काय काढलं गेलं ते मूळाशी ताडून ऐका.

११. सोपवण्याआधीची तपासणी

फाइल बाहेर काढा, सॉफ्टवेअर बंद करा आणि बाहेर काढलेली फाइलच साध्या प्लेअरमध्ये ऐका. लूप असेल तर तो पुन्हा पुन्हा फिरत ठेवून ऐका. आधी नेहमीच्या पातळीवर, मग खूप हळू. हळू आवाजात सूर मागे जातात आणि टक् पुढे येतो. मग एकदा मोबाइलच्या स्पीकरवर आणि शक्य असेल तर मोठ्या स्पीकरवर. मोबाइलवर टक् सापडतो, धप्प सापडत नाही. त्याला मोठाच स्पीकर हवा. लूपच्या पहिल्या आणि शेवटच्या सॅम्पलवर झूम करून त्यांच्यात उडी नाही ना ते बघा. लूप नसलेल्या तुकड्याची दोन्ही टोकं शून्यावर हवीत.

प्रोजेक्ट फाइल जपून ठेवा, तुकडे वेगवेगळ्या ट्रॅकवर, क्रॉसफेड न मिसळलेले. तालमीत दिग्दर्शक लय वाढवायला सांगतो किंवा गायक पट्टी बदलतो, तेव्हा सांधे पुन्हा उघडून जुळवावेच लागतात.